दगडावरची पहिली ओळ

माझ्या कादंबरीचं प्रकाशन साताऱ्यात झालं तेव्हा व्यासपीठावर एवढी माणसं बसवली होती की समोर ऐकायला कोणी उरलं की नाही, अशी मला शंका आली. दीपप्रज्वलनाची समई नेमकी पंख्यासमोर ठेवलेली. एकेक पाहुणा उठायचा, वात पेटवायचा, फोटोसाठी मान वळवायचा आणि तेवढ्यात वात विझायची. पंखा बंद करा म्हणायची कोणाची छाती झाली नाही, कारण तो अध्यक्षांसाठी खास मागवला होता. शेवटी विझलेल्या समईला नमस्कार करून सगळे जागेवर बसले आणि भाषणं सुरू झाली.

कादंबरी एकाहत्तरच्या युद्धात लष्करी इस्पितळांत काम केलेल्या परिचारिकांवरची. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. निवृत्तीनंतरची बरीच वर्षं तिच्यात गेली. वक्त्यांपैकी कोणी ती वाचली नव्हती. वाचायची गरजही नव्हती. प्रत्येकानं इतिहासातल्या राण्यांची हजेरी घेतली, प्रत्येक राणीला दोन-दोन वाक्यं दिली, आणि माझ्या परिचारिकांपर्यंत पोहोचायच्या आत त्यांची वेळ संपली. एका वक्त्यानं पुस्तक हातात उंच धरून, ‘हे प्रत्येक घरात असलं पाहिजे’ असं सांगितलं आणि जाताना ते टेबलावरच विसरला.

पहिल्या रांगेत आत्या बसल्या होत्या. माझ्या बायकोची आत्या. कादंबरीत जे काही खरं आहे ते त्यांच्याकडून आलेलं; खोटं आहे ते माझं आणि प्रकाशकाचं. युद्धात त्या पूर्वेकडच्या एका लष्करी इस्पितळात होत्या आणि कॅप्टन म्हणून फौजेतून बाहेर पडल्या. नोकरी सोडायचं कारण लग्न. तेव्हा तसंच चालायचं. नवरा कवठे महांकाळकडचा प्राथमिक शिक्षक, अत्यंत सज्जन माणूस. झुरळ दिसलं तर वर्गातल्या पोरांना हाक मारायचा. तो जाऊन काही वर्षं झाली. आत्या आता अठ्ठ्याहत्तरच्या आसपास आहेत आणि त्याच गावात राहतात.

त्यांना सत्कारासाठी वर बोलावलं तेव्हा निवेदकानं आवाज भरून आणला आणि म्हणाला, “आता आपण सन्मान करतोय एका वीरपत्नीचा.”

आत्या पायऱ्या चढून वर गेल्या, शाल घेतली, आणि माइक खाली ओढून म्हणाल्या, “माझे मालक शाळामास्तर होते. लढाईत मी होते.”

लोक हसले, टाळ्या वाजल्या. निवेदकही हसला आणि म्हणाला, “पाहिलंत? या वयातही किती मिश्कील आहेत आपल्या वीरपत्नी.”

घरी आल्यावर त्यांनी पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठ नीट पाहिलं. प्रकाशकाच्या चित्रकारानं वाऱ्यावर केस सोडलेली एक तरुणी काढली होती. तिच्या हातात बंदूक.

“जावईबापू, हिच्या हातात बंदूक कशापायी?”

मी प्रकाशकाचं म्हणणं सांगितलं. युद्ध आहे हे लांबून कळायला हवं.

“आमच्या हातात बेडपॅन असायचं,” त्या म्हणाल्या. “ते काढलं असतं तर लांबनंच कळलं असतं.”

पुढे आठवडाभरात त्यांनी पुस्तक संपवलं आणि फोनवर तपासणीचा अहवाल दिला. जखमी लेफ्टनंट आणि नायिका यांच्या प्रकरणाबद्दल त्यांना एकच विचारायचं होतं, की हा गडी कुठल्या वॉर्डात होता, कारण त्यांच्या वॉर्डात निम्मे हगवणीनं आडवे होते आणि उरलेल्यांना कुशीवर वळवायलाच दोघी लागायच्या. आणि माझे सैनिक शुद्धीवर आल्या आल्या देशाबद्दल बोलतात, ते त्यांना पटलं नाही. शुद्धीवर आलेला माणूस पहिलं विचारायचा, माझं घड्याळ कुठाय. बहुतेकांनी पहिल्या पगारातून घेतलेलं असायचं. हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं आणि मी ते लिहिलंही होतं. प्रकाशकानं काढून टाकलं. घड्याळामुळे म्हणे प्रसंगाची उंची कमी होते.

एवढं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “माझं एक काम हाय तुमच्याकडं.”

इतक्या वर्षांत आत्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून मी फोन घेऊन बाहेर ओट्यावर आलो.

काम त्यांच्या माहेरचं होतं. म्हसवडच्या पुढे माण तालुक्यात त्यांचं गाव. घर मेंढरांचं. दिवाळी झाली की सगळं कुटुंब मेंढरं घेऊन नदीकाठच्या गावांकडे उतरायचं. अशाच एका फेरीत आई आजारी पडली, तिला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं आणि आईच्या उशाशी बसलेल्या या मुलीनं तिथल्या नर्सा पाहिल्या. पुढे बापानं तिला शिकायला मिरजेलाच ठेवलं आणि ती तिथून फौजेत गेली. गावाला ते काही समजलं नाही. मुलगी घरात नाही, सासरी नाही, मेंढरांमागं नाही. बाप विचारणाऱ्याला सांगायचा, फौजेत हाय. गाव हसायचं. फौजेत बाप्ये जातात.

“पारावर बसला की त्याला टोचायचे,” आत्या म्हणाल्या. “पोरगी कुणासंगं गेली ते सांग की, फौजेचं काय सांगतोस. लढाई झाली, मी वर्दीतला फोटो धाडला. तर म्हणाले, फोटो काय स्टुडिओतबी निघतो. माझा बाप मरस्तोवर लबाड ठरला त्या गावात.”

आता गावचे माजी सैनिक मिळून शाळेसमोर काळ्या ग्रॅनाइटचा मोठा दगड उभारत होते. गावातून जे जे फौजेत गेले त्या सगळ्यांची नावं त्यावर कोरायची. प्रजासत्ताक दिनाला उद्घाटन. आत्यांना त्या दगडावर स्वतःचं नाव हवं होतं, हुद्द्यासकट. “बाप खरं बोलत व्हता एवढं तरी दिसंल,” त्या म्हणाल्या. “बाकी मला काय करायचंय दगड घेऊन.”

मला हे काम सोपं वाटलं. आत्यांकडे कागद होते, पदकं होती, आणि माझ्याकडे ताजी कादंबरी होती. या शेवटच्या गोष्टीचा आपल्याला आधार आहे असं मला वाटावं, यावरून माझं तेव्हाचं डोकं कसं चाललं होतं ते कळेल.

कोरेगाव मागे पडलं की ऊस हळूहळू संपतो आणि पुढे दहिवडीनंतर तर नजर अडवायला काही राहत नाही. आत्या आटपाडीमार्गे एस.टी.नं आल्या होत्या आणि म्हसवडच्या स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी गाडी घेऊन आलो असतो म्हटलं, तर म्हणाल्या, एस.टी.ला या वयात तिकीटच पडत नाही, तुमच्या गाडीला माझ्यापायी पुरा वळसा.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’ म्हणतात. शिपाई म्हणून निवृत्त झालेला मेजर, ट्रक चालवून आलेला मेजर, लंगरमध्ये पुऱ्या तळून आलेलाही मेजर. यात कोणी खोटं बोलत नाही. तो मान आहे आणि गाव तो सढळ हातानं देतं. एकेका पारावर इतके मेजर बसलेले असतात की तेवढे एखाद्या छावणीत सापडायचे नाहीत. आत्यांच्या गावात खरोखर अधिकारी झालेली व्यक्ती एकच, ती म्हणजे आत्या. त्यांना गाव ‘नर्सबाई’ म्हणतं, आणि त्या माहेरी आल्या की गावातल्या बायका त्यांना मनगट पुढे करून बीपी बघायला सांगतात.

दगडाच्या समितीचे अध्यक्ष एक निवृत्त सुभेदार मेजर होते. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस चढत चढत शेवटी पोहोचतो ती ही जागा. तिच्या वर अधिकारी सुरू होतात. त्यांच्या नावातलं मेजर कमावलेलं होतं. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलण्यात कुठे फुशारकी नाही. मला ते आवडले, आणि त्यामुळे पुढचं सगळं अधिकच त्रासदायक झालं. उद्धट माणसाशी भांडणं मला जमतं.

ग्रामपंचायतीच्या खोलीत चहा झाला. सुभेदारसाहेब आत्यांना आक्का म्हणत होते. गावची थोरली लेक म्हणून ते बरोबरच होतं. आत्यांनी कागद पुढे ठेवले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले, एकेक नीट वाचला आणि तसाच घडी करून परत दिला.

“आक्का, तुमचा अभिमान हाय गावाला,” ते म्हणाले. “पर दगड गावच्या माणसांचा. तुमी दिल्या घरच्या. तुमचं नाव सासरी लागाय पायजे.”

आत्या सासरी विचारून आल्या होत्या. तिथेही सैनिकांचा एक फलक आहे. तिथल्या लोकांनी सांगितलं होतं की बाई, तुम्ही आमच्या गावात आलात तेव्हा फौजेत नव्हता. भरती झालात माहेरहून, तेव्हा माहेरला लावा. म्हणजे माहेरच्या हिशेबानं त्या सासरच्या आणि सासरच्या हिशेबानं माहेरच्या, आणि दोन्ही गावं आपापल्या जागी अगदी तर्कशुद्ध.

“मी भरती झाले तवा कुणाची व्हते?” आत्यांनी विचारलं.

“तवा गावचीच.”

“मग?”

सुभेदारसाहेबांनी चहाचा रिकामा कप पुन्हा उचलून पाहिला. मला वाटलं, आता आपली वेळ. मी कादंबरी पुढे केली. आत्यांच्या कामाबद्दल यात तपशिलानं आलंय, असं काहीतरी म्हणालो. समितीचे चिटणीस, तेही निवृत्त हवालदार, त्यांनी पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि पहिलंच पान मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. त्या पानावर, सगळ्या कादंबऱ्यांत असतं तसं, छापलेलं होतं की यातील सर्व पात्रे आणि प्रसंग काल्पनिक असून त्यांचा कोणाही जिवंत वा मृत व्यक्तीशी संबंध नाही.

“हे तर तुमीच लिवलंय, सर,” चिटणीस म्हणाले. “संबंध न्हाई म्हणून.”

मी समजावलं. वकिली सावधगिरी म्हणून ते छापतात, सगळेच छापतात. ते ऐकत राहिले आणि मान हलवत राहिले, आणि मला स्पष्ट दिसत होतं की आपण जितकं बोलतोय तितकं खोटं वाटतंय. कादंबरी लिहून मी आत्यांना खरं ठरवायला गेलो होतो आणि पहिल्याच पानावर त्यांना काल्पनिक करून बसलो होतो. चिटणिसांनी पुस्तक आदरानं बंद केलं, कपाळाला लावलं आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवून दिलं. ते अजून तिथेच असणार.

मग समितीनं तोडगा काढला. मोठ्या दगडाच्या पायाशी एक लहान पाटी बसवू, त्यावर ‘गावच्या कर्तृत्ववान लेकी’ असं लिहू आणि आक्कांचं नाव पहिलं घालू. हुद्दा मात्र नको, म्हणजे दुसऱ्या लेकींना वाईट वाटायला नको.

आत्यांनी विचारलं, “दगडावर नावं कशी लावलीत? एबीसीडीनं?”

“हुद्द्यानं, आक्का,” चिटणीस उत्साहानं म्हणाले. “फौजेची शिस्त. वरनं खाली.”

“सगळ्यात वर कोण?”

“सायेबच की. सुभेदार मेजरच्या वर गावात कोण गेलंय?”

हे बोलून झाल्यावर ते थांबले. सुभेदारसाहेब खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. आत्यांनी कागद पिशवीत घातले, सगळ्यांना नमस्कार केला आणि त्या उठल्या.

आम्ही गाडीत बसून निघालो. म्हसवड जवळ आलं तेव्हा आत्या म्हणाल्या, “त्याला माझं नाव दगडावर नको, असं न्हाई. माझ्या नावाखाली त्याचं नको हाय. लय कष्टानं चढलाय तो. मला समजतं. पर मग मी काय करू?”

मी माझ्या स्वभावाप्रमाणे तडजोड सुचवली. नावं भरतीच्या वर्षाप्रमाणे लावायला सांगू, किंवा बाराखडीप्रमाणे. कोणाला कमी-जास्त वाटायला नको.

“फौजेत बाराखडी न्हाई,” त्या म्हणाल्या. “हुद्द्यानं लावत असतील तर हुद्द्यानं लावा. न्हाई तर ऱ्हाऊ द्या. गावानं माझ्या बापाला लबाड म्हणताना तडजोड केली न्हवती.”

त्यानंतरचे दोन महिने मी फोनवर घालवले. प्रकाशनाच्या व्यासपीठावर ज्यांनी ज्यांनी स्त्रीशक्तीसाठी प्राण द्यायची तयारी दाखवली होती, त्या सगळ्यांना मी गाठलं. मला प्राण नको होते, एक शिफारस हवी होती. एकानं विचार करतो म्हणून सांगितलं आणि अजून करतोय. दुसऱ्यानं सांगितलं की गावच्या भावनांत बाहेरच्यानं पडू नये. तिसऱ्यानं मला मध्येच तोडून, बाईंना आमच्या सांगलीच्या मेळाव्याला घेऊन या, जंगी सत्कार करू, असं आमंत्रण दिलं. सत्कार हवा तेवढा मिळत होता. सत्काराला दगड लागत नाही. आत्या सांगलीला गेल्या, कोरेगावला एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला गेल्या, एका कॉलेजात गेल्या. शाली एवढ्या जमल्या की मेंढरांच्या घरातल्या बाईला लोकर पुरवायचं काम आता दोन जिल्ह्यांनी अंगावर घेतलंय असं वाटायला लागलं. माझीही पुस्तकं खपत होती. वाचकांची पत्रं यायची, त्यातली निम्मी लेफ्टनंटबद्दल. तो शेवटी वाचला का, असं एका वाचकानं विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. आत्यांच्या तपासणीनंतर माझ्या मते तो कधी जखमीच झाला नव्हता.

डिसेंबरात सुभेदारसाहेब साताऱ्याला माझ्या घरी आले. महिन्याच्या सामानासाठी फौजेच्या कॅन्टीनला आले होते. हातात तेल, साबण, बिस्किटांची पिशवी. पाणी प्यायले आणि सरळ मुद्द्यावर आले. त्यांनी माझी कादंबरी वाचली होती. ग्रामपंचायतीतली प्रत कपाटात होती म्हणून स्वतः विकत घेऊन वाचली होती. ते कादंबरीविषयी काही बोलले नाहीत, फक्त एवढं म्हणाले की ते स्वतः फौजेत असताना एकदा लष्करी इस्पितळात महिना काढून आले आहेत.

समिती ऐकत नव्हती. लेकीचं नाव दगडावर घेतलं तर उद्या कुणीही येईल, असं बहुतेकांचं म्हणणं. कुणीही म्हणजे कोण, ते कोणाला सांगता येत नव्हतं, कारण गावातून फौजेत गेलेली दुसरी बाई नव्हती. पण सुभेदारसाहेबांनी दगड कोरणाऱ्याला एक सांगितलं होतं. वरची पहिली ओळ सोडायची. त्यांचं स्वतःचं नाव दुसऱ्या ओळीपासून.

“माझं नाव दोन नंबरला,” ते म्हणाले. “तेवढं माझ्या हातात हाय. उद्घाटन होऊ द्या. एकदा का लोक थंड झाले की मी पहिली ओळ कोरून घेतो. आक्कांना सांगा.”

“तुम्हीच सांगा की,” मी म्हणालो.

“मला न्हाई जमायचं, सर.”

मी त्याच संध्याकाळी आत्यांना फोन केला. खरं सांगायचं तर मी खूश होतो. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी बोलण्यापेक्षा काही केलं होतं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“पहिली ओळ रिकामी?”

“हो.”

“आन् वरती काय न्हाई?”

“वर फक्त झेंडा कोरलाय.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग येते मी सव्वीस जानेवारीला. पदकं लावून येते.”

त्या दिवशी मी, बायको आणि आत्या सकाळीच पोहोचलो. आत्यांनी पांढरी साडी नेसली होती, त्यावर निळा ब्लेझर, ब्लेझरवर पदकं. गावातल्या पोरी त्यांच्याभोवती जमल्या आणि पदकांना बोट लावून बघू लागल्या. माजी सैनिक एका रांगेत उभे होते. कोट, टोप्या, छातीवर फिती. आत्या त्यांच्या समोरून गेल्या तेव्हा रांगेत चुळबुळ झाली. सुभेदारसाहेब सरळ झाले. बाकीच्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हळूहळू तेही सरळ झाले. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं आणि मग पाहुण्यांची वाट बघणं सुरू झालं.

पाहुणे म्हणजे भागातले एक पुढारी. ते तीन गावांची उद्घाटनं उरकून येणार होते. ऊन चढलं. शाळेच्या पोरांना खाली बसवलं, मग उठवलं, मग पुन्हा बसवलं. स्पीकरवर देशभक्तीची गाणी संपून पुन्हा पहिल्यापासून लागली. अखेर गाड्या आल्या, फटाके लागले, फेटे बांधले गेले. पुढाऱ्यांनी भाषणात जवानांच्या रक्ताचा, मातीचा आणि स्वतःच्या प्रयत्नांनी मंजूर झालेल्या पाण्याच्या योजनेचा एकाच दमात उल्लेख केला आणि पडद्याची दोरी ओढली.

दगड सुंदर होता. काळाभोर, चकचकीत. वर झेंडा. झेंड्याखाली पहिली ओळ भरलेली होती.

तिथे पुढाऱ्यांचं नाव होतं. इतर नावांच्या दीडपट अक्षरांत, सोनेरी रंग भरून. त्याखाली बारीक अक्षरांत ‘यांच्या शुभहस्ते’. मग सुभेदारसाहेबांचं नाव, मग हवालदार, नाईक, शिपाई, खालपर्यंत.

टाळ्या वाजल्या. मीसुद्धा सवयीनं हात वर नेले आणि तसेच खाली आणले.

नंतर जे समजलं ते असं. वेगळी कोनशिला करायचं राहून गेलं होतं. आदल्या आठवड्यात कोणीतरी दगड बघायला गेलं, त्याला वर एक ओळ रिकामी दिसली. शुभहस्तेसाठीच सोडली असणार, असं त्यानं धरलं. दुसरं कशासाठी कोण ओळ सोडतो? यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. आमच्याकडच्या गोष्टींची हीच अडचण आहे. भांडायला जावं तर समोर वाईट हेतूचा माणूस सापडत नाही. सगळे हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे असतात.

पुढारी पुढच्या गावाला गेले. पोरं खाऊसाठी पळाली. दगडासमोर आम्ही तिघं आणि सुभेदारसाहेब एवढेच उरलो. आत्या दगड वरपासून खालपर्यंत वाचत होत्या, एकेका नावावर थांबत. वॉर्डात फेरीला निघालेली सिस्टर खाटांवरून नजर फिरवते तशी त्यांची नजर फिरत होती.

सुभेदारसाहेबांचा चेहरा बघवत नव्हता. ते म्हणाले, “ती जागा मी तुमच्यासाठी ठेवली व्हती.”

“ठेवली व्हती तर कोरायची व्हती, साहेब,” आत्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “रिकामी जागा दिसली की पुढारी बसणारच. एवढी वर्षं फौजेत काढून तुमी एवढंबी शिकला न्हाई?”

“मी घासून काढतो ते नाव. पुढच्या वर्षी—”

“वाट बघत बघतच माझा बाप लबाड म्हणून मेला या गावात.”

सुभेदारसाहेब एकदम पुढे झाले, चौथऱ्याच्या कडेवर पाय ठेवला, दगडाला धरून वर चढले आणि कोटाची बाही सावरत हात वर नेला. पुढाऱ्यांचं नाव आणि झेंडा यांच्यामध्ये किती जागा उरलीय ते बोटांनी मोजू लागले. बूट नुकतेच पॉलिश केलेले, ते गुळगुळीत ग्रॅनाइटवर सरकत होते. माझ्या बायकोनं माझा हात धरला. मला पुढे व्हावं की थांबावं ते कळेना.

“दोन बोटं हाईत, मॅडम,” ते वरूनच म्हणाले. “बारीक अक्षरात बसंल.”

आत्यांनी मान वर करून त्या दोन बोटांकडे पाहिलं.

“कॅप्टन दोन बोटांत बसत न्हाई,” त्या म्हणाल्या. “खाली उतरा आधी. पडला-बिडला तर मलाच बघावं लागंल.”